लेकरू म्हणतंय ‘तूच काढून दे’: घरातली चित्रं, माती, रंग यांचे अनुभव हवेत

गोदाकाठची (परभणी) · १६ एप्रिल, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. माझी लेक साडेचार वर्षांची आहे. दिवाळीपर्यंत तिचं असं होतं की कागद दिसला की रेघोट्या. कागद नाही मिळाला तर फरशीवर, नाहीतर पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटानं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं आमचं अख्खं घर काढलं होतं, आजी-आजोबांसकट, आणि सगळ्यांना डोक्यालाच पाय. तो कागद मी कपाटात जपून ठेवलाय.

जानेवारीपासून शाळेतून रंगवायची चित्रं घरी येऊ लागली. छापलेला आंबा, छापलेलं फुलपाखरू, आत रंग भरून आणायचा. तिचा हात रेषेबाहेर जायचा. एकदा आंब्याभोवती लाल पेनानं गोल करून शेरा आला, ‘रेषेच्या आत रंगवणे’. दुसऱ्या दिवसापासून ती माझा हात धरून रंगवून घेऊ लागली. आता कोरा कागद पुढं ठेवला तरी म्हणते, “मम्मी, तूच काढून दे. मला येत नाही.” एवढ्याशा लेकराच्या तोंडून ‘मला येत नाही’ ऐकलं की पोटात कालवतं.

मी काढून दिलं. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू घर आणि नारळाचं झाड. तिनं ते पाठ केलं. महिनाभर रोज तेच. परवा गच्चीवर वाळवण घालताना माझ्या लक्षात आलं, आमच्या परभणीत गच्चीवरून चारी दिशांना पाहिलं तरी एक डोंगर दिसत नाही. नारळ तिनं फक्त देवळात फोडताना पाहिलाय. दारात एवढा मोठा कडुनिंब आहे, तो तिच्या एकाही चित्रात नाही.

सुट्ट्यांचे दिवस आहेत. दुपारी अकरा ते पाच घराबाहेर पाय टाकता येत नाही. बाजारातले महागडे संच नकोत. घरात आहे त्यातून काय करता येईल? आणि ‘तूच काढून दे’ म्हणाली की आपण नेमकं काय करायचं?

पळसफूल (धाराशिव) · १६ एप्रिल, रात्री १०.४१

आमच्याकडं मुलगा आहे, पाच वर्षांचा, पण गोष्ट तीच. त्याचं चित्र म्हणजे मोबाइलवर बघितलेली गाडी, आणि ती जमली नाही की कागद फाडतो. वाचायला बसलेय.

अंगणवाडीची_ताई (जालना जिल्हा) · १६ एप्रिल, रात्री ११.३०

गोदाकाठची ताई, पहिल्यांदा एवढं सांगते की डोक्यालाच पाय असलेली माणसं अगदी वयाप्रमाणं आहेत. तुमच्या लेकीच्या चित्रात काही कमी नव्हतं. दीड-दोन वर्षांचं लेकरू खांद्यापासून हात फिरवून नुसत्या रेघोट्या मारतं, त्याला कागदाची कड दिसत नाही. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस गोल बंद होतो. तो दिवस मला प्रत्येक लेकराचा कळतो, कारण मग पाटीभर गोलच गोल निघतात. गोलाला डोळे येतात, गोलालाच पाय फुटतात, त्यातूनच हातही. मान, पोट, बोटं सावकाश येतात. कुणी शिकवावी लागत नाहीत.

मुलांच्या चित्रांच्या या पायऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली सविस्तर मांडल्या. आम्हाला प्रशिक्षणात त्यांचं नाव ऐकायला मिळालं. छापलेल्या चित्रात रंग भरून घेण्याला त्यांचा विरोध होता. कुणी मोठ्यानं काढलेली गाय रोज पुढं आली की लेकराला आपली गाय वाईट दिसू लागते आणि ते काढणंच सोडतं. तुमच्या घरी हेच झालंय.

आता ‘तूच काढून दे’. मी तिच्या कागदाला हात लावत नाही. आणि ‘तुझं तू काढ’ म्हणून तोडूनही टाकत नाही, कारण लेकरू खरंच अडलेलं असतं. माझ्याकडं एक मुलगी शेळी काढून मागत होती. मी तिला घेऊन मागच्या बाजूला बांधलेल्या शेळीपाशी गेले. कान उभे आहेत का लोंबतायत? पोट कसंय, मडक्यासारखं का पाटीसारखं? शेपूट वर का खाली? तिनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, कान ओढून बघितला. परत आल्यावर पाटीवर जी शेळी निघाली तिला भलंमोठं पोट, दोन लांब कान आणि आठ पाय. मी फक्त म्हटलं, “हिच्याबद्दल सांग ना मला.” तर म्हणाली, “पोटात पिल्लू हाय, त्याचे चार.”

‘काय काढलंस?’ असं मी विचारत नाही. त्यात ‘मला ओळखू आलं नाही’ असं लेकराला ऐकू येतं. आणि ‘छान छान’ पण सारखं म्हणत नाही. जे दिसतं ते बोलते: ‘इथं तू खडू लई दाबून फिरवलास’, ‘हा कोपरा मोकळा सोडलास’. आपण खरंच बघितलं हे त्यांना पटतं.

गोदाकाठची (परभणी) · १७ एप्रिल, सकाळी ६.५०

ताई, दोनदा वाचलं. आठ पायांची शेळी रात्रभर डोळ्यांपुढून गेली नाही.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई) · १७ एप्रिल, सकाळी ९.१५

चर्चा चांगली आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. ३३ वर्षं माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. लेकराला काहीच दाखवायचं नाही, काहीच सुधारायचं नाही, हे मला पटत नाही. हात तयार व्हावा लागतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना माझी शेकडो मुलं बसली, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले, काही जण पुढं कलेच्या क्षेत्रात गेली. त्यांना वस्तुचित्र, छायाप्रकाश, रंगांची मिसळण हे शिकवावंच लागलं. शिस्तीशिवाय कला उभी राहत नाही.

अंगणवाडीची_ताई (जालना जिल्हा) · १७ एप्रिल, दुपारी २.०५

गुरुजी, नमस्कार. तुमच्याकडं मुलं आठवीला आली तेव्हा त्यांना शिकवणं गरजेचं होतंच. त्या वयात मूल स्वतःच विचारतं, ‘घागर गोल दिसायला कशी काढायची?’ माझ्याकडची तीन ते सहा वर्षांची आहेत. त्यांना घागर गोल दिसतच असते, कागदावरही. त्यांचा प्रश्न अजून तो नाहीये.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई) · १७ एप्रिल, दुपारी ४.४०

वयाचा मुद्दा मान्य. नऊ-दहा वर्षांनंतर मात्र मुलांना वाऱ्यावर सोडू नका. तेव्हा ‘तुला हवं तसं काढ’ म्हटलं की ती चित्र काढणंच थांबवतात, कारण त्यांना आता खऱ्यासारखं हवं असतं आणि ते जमत नसतं.

मांजराकाठ (लातूर) · १७ एप्रिल, रात्री ९.३०

लेकरं काय काढतात याबद्दल एक सांगतो. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत १० टँकर वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. माझा मोठा तेव्हा पाच वर्षांचा. घरात दिवसभर बोलणं एकच: पाणी आलं का, टँकर कधी, घागरी कुठंयत.

त्यानं त्या दिवसांत एक गाडी काढली. मी जुन्या बिलांचे कागद चिकटवून दिले होते, चांगला सहा हात लांब पट्टा झाला, आणि त्यानं जमिनीवर पालथं पडून सगळा भरला. प्रत्येक डब्याच्या आत निळं पाणी दिसत होतं. खरा टँकर तर लोखंडी, बंद. पण आत पाणी आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं ते दाखवलं. शेवटच्या डब्यात थोडंच पाणी होतं. विचारलं तर म्हणाला, “हे आपल्याला आलं.”

माझी बायको म्हणाली, याला आपण पाण्याबद्दल काही बोललो नव्हतो, तरी याला सगळं कळत होतं. तेव्हापासून आम्ही त्याची चित्रं टाकत नाही. मागं तारीख लिहितो आणि त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो. आता तो पोरगा नववीला गेलाय. तो पट्टा गुंडाळून ठेवलाय.

वाळूज_शिफ्टवाली (छत्रपती संभाजीनगर) · १८ एप्रिल, रात्री १२.१०

मी दुपारच्या पाळीतून आत्ता आले. वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो, भिंतीला डाग पडला की घरमालकीण बोलते. नवराही पाळीत. मुलगी तीन वर्षांची, मी असते तेव्हा स्वयंपाक, धुणं, आणि तिच्या हातात मोबाइल. माती, रंग हे सगळं कुणी आवरायचं? पाणी एक दिवसाआड येतं.

पळसफूल (धाराशिव) · १८ एप्रिल, सकाळी १०.०५

ताई, तुमच्यासाठी एकच गोष्ट, डाग न पडणारी. मी काल केली, म्हणून लगेच लिहितेय.

आमच्या दारापुढं शहाबादी फरशी आहे. एका वाटीत पाणी आणि जुना रंगकामाचा ब्रश दिला, एवढंच. संध्याकाळी साडेपाचला फरशी अजून तापलेली होती. त्यानं ओल्या ब्रशनं बैल काढायला घेतला. काळ्या फरशीवर पाण्याची रेघ गर्द उमटते. तोंड काढलं, शिंगं काढली, पाठ काढेपर्यंत तोंड वाळून गेलं. तो थांबून बघत राहिला. मग त्यानं पुन्हा तोंड काढलं, तेवढ्यात पाठ गेली. पळत पळत तो बैल पुरा करायला बघत होता. एक वाटी पाण्यात अर्धा तास गेला. कागद फाडणारा हाच पोरगा, आणि फाडायला काही नव्हतंच. बिघडलं तर आपोआप जात होतं. मला वाटतं त्याचा जीव त्यामुळंच मोकळा झाला.

दोन खोल्यांतही न्हाणीच्या फरशीवर होईल. आणि पाटी. आपली जुनी दगडी पाटी आणि लेखण. पुसायला ओला फडका.

वाळूज_शिफ्टवाली (छत्रपती संभाजीनगर) · १९ एप्रिल, रात्री १२.२०

पाटी आणली. आज मी भाकरी थापताना ती शेजारी बसून पाटीवर गोल काढत होती. म्हणाली, “भाकर.” पंधरा-सोळा भाकरी केल्या तिनं. मोबाइल मागितला, पण नंतर.

दुधना (सेलू) · १९ एप्रिल, दुपारी १.१५

पिठाचा गोळा द्या ना तिला. कणकेत भरपूर मीठ घातलं की दोन दिवस टिकतो, वास येत नाही. माझी पोरं साप आणि शिवलिंग सोडून दुसरं काही करत नव्हती, पण रोज करत होती.

वसमतकर (वसमत, जि. हिंगोली) · १९ एप्रिल, रात्री ८.५०

आमचं गाव हळदीचं. घरात हळद भरपूर, म्हणून हा खेळ आमच्याकडं ठरलेला. चार-पाच वर्षांच्या लेकराला सहज जमतो, फक्त शेजारी बसा.

हळद पाण्यात घट्टसर कालवून कोऱ्या जाड कागदावर फडक्यानं पुसून घ्या आणि कागद वाळवा. पिवळाधमक कागद तयार. दुसऱ्या वाटीत चमचाभर खायचा सोडा पाण्यात विरघळवा. आता काडीला कापूस गुंडाळून त्या सोड्याच्या पाण्यानं चित्र काढायचं. पाणी बिनरंगाचं, पण कागदाला लागलं की रेघ लाल होते. लेकरू दचकतंच. कुंकू करताना हळदीला चुना लावून लाल करायचे, तीच गोष्ट. वरून लिंबाचा थेंब टाकला की लाल पुन्हा पिवळं होतं, म्हणजे खोडरबरही घरातच.

चुना मात्र लेकरांच्या हातात अजिबात देऊ नका. डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. सोड्यानं काम होतं.

कपड्याला लागली तर घाबरू नका. साबण लावला की डाग लाल होईल, पण कडक उन्हात दोन-तीनदा वाळवला की हळदीचा रंग उडतो. म्हणूनच ही चित्रंही उन्हात ठेवू नका, आठवड्यात फिकी पडतात.

गोदाकाठची (परभणी) · २० एप्रिल, संध्याकाळी ७.३०

केलं! तिनं कागदावर काहीतरी वेडंवाकडं ओढलं, लाल झालेलं बघून जोरात हसली आणि दहा कागद संपवले. यात ‘मला येत नाही’ एकदाही आलं नाही. कारण मलाही येत नव्हतं, दोघींसाठी नवीन होतं.

काव_आणि_काजळी (सिल्लोड) · २२ एप्रिल, रात्री ९.००

उशिरा आलो. मी कलाशिक्षक आहे आणि अजिंठा आमच्यापासून जवळ, त्यामुळं वर्षातून दोन-तीनदा मुलांना घेऊन जाणं होतं. तिथं मुलांना मी पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं करतोच, पण आधी छत बघायला सांगतो. हंस, हत्ती, कमळं, फळं. मुलं मान वर करून मोजत बसतात.

आणि मग विचारतो, हे रंग कुठून आणले असतील? भिंतीवर आधी मातीचा गिलावा, त्या मातीत भाताचं तूस आणि गवत मिसळलेलं, वर चुन्याचा पातळ हात. त्या वाळलेल्या भिंतीवर रंग. लाल म्हणजे काव, आपला गेरू, पिवळी म्हणजे पिवळी माती, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानाकडच्या लाजवर्द दगडाचा. बाकी बहुतेक सगळं माती आणि दगड. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंतचं हे काम, आणि त्यातली निम्मी रंगपेटी आजही तुमच्या अंगणात आहे.

घरी करून बघा. गेरू किराणा दुकानात मिळतो, तुळशी वृंदावनाला लावतो तोच. शेतातली काळी, मुरमाड पिवळसर, नदीकाठची पांढुरकी अशा दोन-तीन माती आणा. लेकराला खलबत्त्यात कुटायला द्या, त्याला ते फार आवडतं. कुटलेली माती पाण्यात ढवळून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि रात्रभर निवळू द्यायची. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी लोण्यासारखा गाळ राहतो. तो तुमचा रंग. बाभळीचा डिंक एक चमचा, चार चमचे पाण्यात रात्री भिजत घालायचा, सकाळी त्या गाळात कालवायचा. डिंक घातला नाही तर वाळल्यावर रंग हाताला लागतो. काळ्यासाठी निरांजनावर वाटी उपडी धरून काजळी धरा. हे काम मोठ्यांनीच करायचं.

मुलांना या रंगांचं वेड लागतं, कारण ते त्यांनी स्वतः केलेले असतात. बाजारच्या बारा रंगांच्या डबीत आकाश निळं, झाड हिरवं हे आधीच ठरलेलं असतं. मातीच्या चार रंगांत झाड कोणतं करायचं, हे लेकराला ठरवावं लागतं.

बालाघाट (बीड) · २३ एप्रिल, सकाळी ११.२०

सीताफळाच्या बिया, चिंचोके, बोराच्या आठोळ्या, जांभळाच्या बिया लावून आम्ही पुठ्ठ्यावर मोर केला होता. चिकटवायला चिंचोक्याची खळ. पण सावध करते: तीन वर्षांच्या आतल्या लेकरांजवळ बिया नकोत, नाकात-कानात घालतात. गुंजा आणि एरंडीच्या बिया तर मोठ्या लेकरांच्याही हातात नकोत. दोन्ही दिसायला सुरेख, आणि दोन्ही विषारी. सीताफळाची बीसुद्धा फोडू देऊ नका, तिची पूड डोळ्यात गेली तर फार त्रास होतो.

पैठणचा_पोरगा (पैठण) · २३ एप्रिल, रात्री ९.४५

आमच्या घरात माग आहे. पैठणीच्या पदरावरची मुनिया (पोपटासारखा पक्षी), मोर, आसावली (फुलांची वेल) हे सगळं धागे मोजून विणतात. माझ्या सात वर्षांच्या पुतणीला मी गणिताची चौकटीची वही दिली आणि म्हटलं, एक चौकट म्हणजे एक धागा. तिनं चौकटी भरून मुनियाच्या जागी चिमणी केली. चोचीला दोन चौकटी का तीन, यावर एक तास गेला. पाच वर्षांखालच्या लेकराला हे जड जाईल.

मांजराकाठ (लातूर) · २४ एप्रिल, सकाळी ८.००

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, दगड, पानं, बिया घेतल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्या, पुढं १९५७ ला हे काम जवळच्या कोसबाडला गेलं. वरच्या पोस्टी वाचताना तेच आठवत होतं.

गोदाकाठची (परभणी) · ४ मे, रात्री १०.३५

आठ दिवस माहेरी होते, जिंतूरकडं. एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

माझे वडील सत्तरीचे. दुपारी ओसरीवर बसून असतात. अंगणात कडब्याची गंज. लेक कंटाळून त्यांच्या अंगावर पडत होती, तर त्यांनी ज्वारीचं एक जाड धाट ओढून काढलं. विळ्यानं पेरं वेगळी केली आणि वरची साल उभी सोलत गेले. साल म्हणजे चकचकीत, कडक कांब. आतून निघालं पांढरं, हलकं, स्पंजासारखं भेंड. भेंडाचा बोटभर तुकडा हा बैल. सालीच्या चार कांबी खाली टोचल्या, ते पाय. दोन वर वाकवून टोचल्या, ती शिंगं. डिंक नाही, दोरा नाही. कांब भेंडात घुसताना ‘कर्र’ असा बारीक आवाज होतो, तो तिला इतका आवडला की नुसती टोचतच बसली.

गाडीची चाकं करताना लांब कांब गोल वाकवून दोन्ही टोकं एका भेंडाच्या तुकड्यात खोचायची. तिचं चाक दर वेळी सुटून तोंडावर उडत होतं. मी पुढं झाले, तर वडील म्हणाले, “माय, तू नको लागू मधी. करू लागलंय ना लेकरू.” चौथ्या का पाचव्या खेपेला चाक टिकलं. गोल नव्हतं, वांग्यासारखं होतं. गाडी चालताना उडत होती, म्हणून तिनं सांगितलं की रस्ता खराब आहे.

सालीची धार ब्लेडसारखी असते हे लक्षात ठेवा. सोलायचं काम वडिलांनीच केलं आणि प्रत्येक कांबेची कड दगडावर घासून मग दिली.

मी विचारलं, आप्पा, मला कधी करून दिलं नाही हे. म्हणाले, “तू कवा मागितलंस? तुमच्या टायमाला हे समदे पोरं आपापले करायचे.”

पळसफूल (धाराशिव) · ५ मे, सकाळी ७.१०

आम्ही याचे चष्मे करायचो! नाकावर टोचायचे, तरी दिवसभर घालून फिरायचो.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई) · ५ मे, सकाळी ९.३०

भेंड आणि कांब यात बांधणीचं सगळं शास्त्र आहे. वजन कुठं पडतं, तोल कसा राहतो. ही वस्तू मी कधी वर्गात आणली नाही, याचं आज वाईट वाटतं.

वाळूज_शिफ्टवाली (छत्रपती संभाजीनगर) · २० ऑगस्ट, रात्री ११.५०

धागा वर काढतेय. पोळा आला. गावाकडून काळी माती आणली, मुलीसोबत बैल केले, पण वाळले की पाय गळून पडतात आणि पाठीला भेगा. ती रडते. काय करू?

काव_आणि_काजळी (सिल्लोड) · २१ ऑगस्ट, सकाळी ६.४०

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. चैत्रात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या बैलाच्या पाठीवर घडतंय. यावर तोड अजिंठ्याच्या भिंतीतच आहे. तिथं मातीत तूस आणि गवत होतं, तुम्ही चाळलेला भुसा घाला. भुसा नसेल तर वर्तमानपत्र रात्रभर भिजवून कुस्करा आणि तो लगदा मातीच्या पाव हिश्श्यानं मिसळा.

पाय वेगळे करून चिकटवू नका. एकाच गोळ्यातून चिमटीनं ओढून काढा, जाड आणि आखूड. शिंगं किंवा वशिंड जोडायचंच असेल तर दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे पाडा आणि मातीचा पातळ घोळ लावून दाबा. उन्हात ठेवू नका. ओल्या फडक्याखाली एक रात्र, मग सावलीत. घाई केली की भेग आलीच.

तीन वर्षांच्या लेकीचा बैल बसलेला करायला सांगा. पायांचा प्रश्नच मिटतो.

वाळूज_शिफ्टवाली (छत्रपती संभाजीनगर) · २३ ऑगस्ट, रात्री १२.१५

बसलेला केला. पुजला. तिनं त्याच्या पुढं मातीची भाकर ठेवली. पुरणपोळी त्याला नको म्हणे, तो भाकरच खातो.

अंगणवाडीची_ताई (जालना जिल्हा) · २४ ऑगस्ट, दुपारी १.००

गोदाकाठची ताई, तुमची लेक कशी आहे? शाळेत बोललात का?

गोदाकाठची (परभणी) · २४ ऑगस्ट, रात्री ९.५०

बोलले. जायच्या आधी भीती वाटत होती की तक्रार केल्यासारखं होईल. म्हणून तक्रार केलीच नाही. कॅलेंडरमागचं ते जुनं चित्र आणि भेंडाची गाडी घेऊन गेले, बाईंच्या टेबलावर ठेवली. बाई तरुण आहेत, वर्गात चाळीस मुलं. म्हणाल्या, छापील चित्रं वरून ठरून येतात, ती बंद करणं माझ्या हातात नाही, पण शनिवारी शेवटच्या तासाला कोरा कागद देऊ शकते. आणि लाल पेन चित्रावर वापरणार नाही, एवढं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

घरी ‘तूच काढून दे’ पूर्ण गेलं नाही. दमलेली असली की म्हणते. मग आम्ही दोघी दारात जाऊन बसतो. परवा कडुनिंबाखाली बसलो तेव्हा तिनं बुंध्यावर हात फिरवला आणि म्हणाली, “ह्याची कातडी फाटलीय.” घरात येऊन काळ्या मातीच्या रंगात बोट बुडवून कागदभर उभ्या भेगा ओढल्या. पानं नाहीत, फांद्या नाहीत, नुसती साल. मला आधी वाटलं की अर्धवट सोडलं. विचारणार होते, पण थांबले. तिनं कागद भिंतीला टेकवून ठेवला आणि खाली एक बोटभर माणूस काढला, डोक्याला मान असलेला.

काल शनिवार होता. शाळेत कोऱ्या कागदावर काय काढलं ते मी अजून पाहिलेलं नाही. सगळ्यांचे कागद वर्गात दोरीला लावलेत, ती म्हणते, सोमवारी तू आत येऊन बघ.